मुक्या सोबत्याचे पाय

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत एक कुत्रा आहे. राज्याचा त्याग करून पांडव आणि द्रौपदी हस्तिनापुराबाहेर पडलीं, तेव्हां तो त्यांच्या मागोमाग चालूं लागला. हिमालय ओलांडून पुढें जातांना वाटेंत प्रथम द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटीं भीम पडला. युधिष्ठिराबरोबर अखेरपर्यंत राहिला तो हा कुत्राच. पुढें इंद्राचा रथ आला आणि कुत्र्याला मागें टाकून स्वर्गांत येण्यास युधिष्ठिरानें नकार दिला, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. मात्र त्या हिमाच्या वाटेवर त्या प्राण्याचे पाय कसे टिकले, त्याच्या बोटांच्या बेचक्यांत बर्फ साठला काय, तो कोठें लंगडला काय, हा प्रश्न कथेंत येत नाहीं. कुत्र्याच्या रूपानें प्रत्यक्ष धर्मच चालत होता. त्याला पायांची फिकीर कशाला? परंतु हाडामांसाच्या कुत्र्याच्या पायांची फिकीर कोणा माणसानेंच करावी लागते, आणि हिंवाळ्यांत ती रोज करावी लागते.

या विषयाचें महत्त्व महाराष्ट्रांतील श्रोत्यांना चटकन् जाणवणार नाहीं. येथील हिंवाळा म्हणजे शेकोटी, हुरडा आणि पहांटेची गोधडी. परंतु आज कितीतरी मराठी कुटुंबें टोरांटो, मॉन्ट्रियल, शिकागो अशा हिमाच्या शहरांत नांदत आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या घरीं कुत्रा आहे. तेथें कुत्र्याला दिवसांतून दोनदां तरी बाहेर न्यावें लागतें. बर्फ पडो, वारा सुटो, त्यांत खंड पडत नाहीं.

टोरांटोंतील एखादें असें मराठी घर डोळ्यांपुढें आणावें. जानेवारीची सकाळ आहे. मुलगा आणि सून कामावर गेलीं आहेत, नात शाळेंत गेली आहे. घरांत राहिले आहेत दोघे: पुण्याहून कांहीं महिन्यांसाठीं आलेले आजोबा आणि मोती नांवाचा आखूड केसांचा, तपकिरी रंगाचा कुत्रा. आजोबांनीं जन्मांत कधीं कुत्रा पाळलेला नाहीं. त्यांच्या लहानपणच्या वाड्यांत कुत्रा अंगणापर्यंत येई, उंबऱ्याच्या आंत त्याला मज्जाव असे. परंतु परक्या देशांतील लांबच लांब दुपारीं तोंडाकडे पाहणारा दुसरा जीव नसल्यामुळें दोघांची गट्टी जमली आहे. सकाळचा फेरफटका आजोबांनीं आपण होऊन अंगावर घेतला आहे.

बाहेर तापमान उणें १२ अंश आहे. गल्ली संपून कोपरा येतांच मोती थांबतो. पुढचा उजवा पाय उचलून धरतो, तीन पायांवर चार पावलें टाकतो आणि बर्फांतच बसकण मारतो. आजोबांना हा हट्ट वाटतो. ते दोरी ओढतात. मोती अंग चोरतो, पण उठत नाहीं. आजोबांचा आवाज चढतो, दोरीला एक हिसका बसतो. तेवढ्यांत समोरून स्वतःच्या कुत्र्याला घेऊन येणाऱ्या एक शेजारीणबाई थांबतात. "हट्ट नव्हे हा, पाय दुखतो आहे त्याचा," असें म्हणून त्या हातमोजा काढतात, मोतीचा पंजा हातांत घेतात आणि दोन बोटांच्या बेचक्यांतून बोराएवढा, दगडासारखा टणक बर्फाचा गोळा आपल्या हाताच्या उबेनें हळूहळू सोडवून काढतात. मोती उठतो, पाय झटकतो आणि कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत चालूं लागतो.

त्याच्या लेखीं कांहीं घडलें नव्हतें असें मात्र नव्हे. दुसऱ्या दिवशीं आजोबांनीं खुंटीवरची दोरी काढली, तेव्हां रोज दाराशीं नाचणारा मोती आला नाहीं. तो मेजाखालीं बसून राहिला. संध्याकाळीं नातीनें दोरी काढली, तेव्हां तो बाहेर पडला. अज्ञान एकाचें आणि भोग दुसऱ्याला, असा हा प्रकार; आणि जो भोगतो त्याला तोंड नाहीं. त्याला बोलतां येतें तें पायानें. ती भाषा शिकण्यासाठीं प्रथम तो पाय कसा घडला आहे, हें पाहिलें पाहिजे.

कुत्रा माणसासारखा टांचेवर चालत नाहीं, बोटांवर चालतो. प्रत्येक बोटाखालीं एक आणि मध्यभागीं एक मोठी, अशा गाद्या त्याच्या पायाखालीं असतात. गादीचें वरचें कातडें खरखरीत व जाड असतें, खालीं चरबीचा थर असतो. तो धक्का सोसतो आणि थंडीही अडवतो. कुत्र्याला घाम येतो तोही मुख्यतः याच गाद्यांतून. बोटांमधील कातडी मात्र पातळ व नाजूक असते. थंडीचें खरें दुखणें सुरू होतें तें येथें, गादीवर नव्हे.

आतां कोणी विचारील कीं, लांडगा आणि कोल्हा हिमांत जन्म काढतात, त्यांचे पाय कसे गोठत नाहींत? त्याचें उत्तर रक्तवाहिन्यांच्या मांडणींत आहे. १९७२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत उत्तर ध्रुवाकडील लांडगा आणि कोल्हा यांचे पाय उणें ३५ अंश थंड असलेल्या द्रवांत ठेवून पाहिले, तेव्हां त्या पायांचें तापमान पेशी गोठण्याच्या किंचित वर येऊन तेथेंच स्थिर राहिलें. शरीर पायाकडे नेमकें तेवढेंच ऊष्ण रक्त धाडीत होतें. कमी नाहीं, जास्त नाहीं. पाळीव कुत्र्याच्या पायाचा उलगडा जपानी संशोधकांनीं २०११ मध्यें केला. त्यांना असें दिसलें कीं, गादीकडे ऊष्ण रक्त नेणाऱ्या धमन्यांना थंड रक्त परत आणणाऱ्या बारीक शिरांचें जाळें वेढून असतें. येणारें रक्त जाणाऱ्या रक्ताला वाटेंतच ऊब देऊन टाकतें. त्यामुळें पाय थंड राहिला तरी गोठत नाहीं, आणि पायांतून परत फिरणारें थंड रक्त सर्वांगाला गारठवीत नाहीं. काटकसरी गृहिणीनें एकाच चुलीवर दोन भांडीं तापवावींत, तशी ही योजना आहे.

मग एवढी सोय असतां शहरांतील कुत्रा कां लंगडतो? याचें कारण असें कीं, निसर्गानें ही सोय हिमासाठीं केली, मिठासाठीं नव्हे. बर्फ वितळविण्याकरितां शहरांतील रस्त्यांवर आणि पायवाटांवर मीठ पसरतात. न्यू हॅम्पशायर या अमेरिकन राज्यानें १९४१–४२ च्या हिंवाळ्यांत रस्त्यांवर सरसकट मीठ टाकण्यास प्रारंभ केला आणि महायुद्धानंतर ही रीत सर्वत्र पसरली. कॅनडांत १९९७–९८ च्या एका हिंवाळ्यांत अशा रीतीनें सुमारे साडेसत्तेचाळीस लाख टन मीठ रस्त्यांवर पडलें, असा तेथील सरकारी अंदाज आहे. झाडें, ओढे आणि विहिरी यांवर त्याचे अनिष्ट परिणाम होतात हें पाहून २००४ मध्यें त्या सरकारनें मिठाच्या वापराविषयीं मार्गदर्शक नियमही केले. मीठ टाकणें थांबलेलें नाहीं व थांबणारही नाहीं. कारण घसरून माणसाचें हाड मोडण्यापेक्षां मीठ परवडलें.

या मिठाचा पायावर तीन प्रकारें आघात होतो. पहिला, त्याचे धारदार खडे बोटांच्या बेचक्यांत रुततात आणि कातडी सोलतात. आधींच भेगाळलेल्या गादीला तें मीठ झोंबतें. दुसरा सहसा लक्षांत येत नाहीं. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतें, परंतु मिठाचें पाणी त्याहूनही पुष्कळ खालीं द्रव राहतें. पुरेसें मीठ असेल तर उणें २१ अंशांपर्यंत. म्हणून थंडीच्या दिवशीं रस्त्यावरच्या खारट चिखलांत पाय बुडतो, तेव्हां तो बर्फाच्या पाण्याहूनही थंड अशा द्रवांत बुडत असतो, आणि तो द्रव कोरड्या हिमासारखा झटकून जात नाहीं, केसांना चिकटून घरापर्यंत येतो. कांहीं ठिकाणीं साध्या मिठाऐवजीं कॅल्शियम क्लोराइड टाकतात. तें ओलाव्यांत विरघळतांना ऊष्णता सोडतें आणि नाजूक कातडीला भाजल्यासारखें करतें. तिसरा आघात घरीं आल्यावर होतो. कुत्रा दुखरे पाय चाटून साफ करूं लागतो आणि रस्त्यावरचें मीठ पोटांत जातें. थोड्यानें लाळ गळते, उलटी होते, तहान लागते. पुष्कळ मीठ पोटांत गेलें तर थरकाप आणि झटके येऊन जिवावर बेततें.

हें ज्ञान आजोबांना कोणत्याही ग्रंथांतून मिळालें नाहीं. टोरांटोच्या हाय पार्कमध्यें कुत्र्यांना मोकळें सोडण्यासाठीं राखून ठेवलेली जागा आहे, आणि शहरांत अशा जागा इतरत्रही आहेत. तेथें रोज ठराविक वेळीं तींच तीं माणसें जमतात. कुत्रे धांवतात, माणसें पाय आपटीत उभीं राहतात आणि बोलतात. गमतीची गोष्ट ही कीं, तेथें माणसाला स्वतःचें नांव नसतें; कुत्र्याच्या नांवानेंच त्याची ओळख. पुण्यांत ज्यांना चाळीस वर्षें सारे 'मास्तर' म्हणून ओळखीत, ते येथें आठवड्याभरांत 'मोतीचे आजोबा' झाले. शेजारीणबाईंनीं त्यांची ओळख करून दिली आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडला.

बाहेर पडण्यापूर्वींची तयारी एका वृद्ध गृहस्थानें सांगितली. त्यांचा कुत्रा लांब केसांचा होता. पायाच्या गाद्यांमधून खालीं लोंबणारे केस बर्फाचे गोळे धरून ठेवतात. म्हणून ते बोथट टोकाच्या कात्रीनें गादीच्या पातळीपर्यंत छाटावे, पण आंत कात्री खुपसून मुळापासून काढूं नयेत, कारण ते नाजूक कातडीचें पांघरूणही आहेत. नखें वाढूं देऊं नयेत. लांब नखांनीं बोटें फांकतात आणि फांकलेल्या बोटांत बर्फ अधिक शिरतो. त्यानंतर गाद्यांना आणि बेचक्यांत मधमाशांच्या मेणाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. त्यामुळें मीठ थेट कातडीला भिडत नाहीं आणि बर्फही चिकटत नाहीं. थर पातळच हवा. जाड थर दारापर्यंतच्या गालिच्याला लागतो, पायाला नाहीं, हें त्या गृहस्थांनीं स्वतःच्या पत्नीच्या साक्षीनें सांगितलें.

बुटांवरून मात्र त्या मंडळींत दोन पक्ष होते. एका बाईंचें म्हणणें, बुटासारखें दुसरें संरक्षण नाहीं: मीठ नाहीं, गोळे नाहींत, कांचेचा तुकडा नाहीं. दुसऱ्या बाईंचा कुत्रा बूट घातले कीं ओल्या फरशीवरच्या मांजरासारखा एकेक पाय उंच उचलीत चाले आणि संधि मिळतांच एखादा बूट हिमांत गडप करी. वसंत ऋतूंत बर्फ वितळल्यावर तीन बूट एकदम सांपडले! दोघींचेंही खरें होतें. बूट घालावयाचे तर पाय कागदावर टेकवून, भोंवतीं रेघ मारून माप घ्यावें. प्रथम घरांतल्या घरांत, दोन-तीन मिनिटेंच, खाऊ देत देत संवय करावी. पट्टा इतका आवळूं नये कीं रक्त अडेल, इतका सैल ठेवूं नये कीं आंत बर्फ जाईल. घरीं येतांच बूट काढून पाय कोरडे करावे. ओला बूट पायांत राहणें हें बूट नसण्यापेक्षां वाईट. आणि ज्याला बूट मुळींच मानवत नाहींत, त्याच्यावर सक्ति न करतां मेणावर आणि धुण्यावर भिस्त ठेवावी.

चालतांना काय पाहावें, हें शेजारीणबाईंनीं सांगितलें. कुत्रा पाय उचलून धरतो, आळीपाळीनें पाय बदलतो, थांबून बोटें चावतो, अंग आंखडतो किंवा घराकडे वळतो; यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे एक वाक्य आहे. तें ऐकून तत्काळ थांबावें, बेचकीं पाहावींत आणि बर्फ ओढून न काढतां हाताच्या उबेनें सोडवावा. किती अंशांपर्यंत बाहेर न्यावें, याला सर्वांना लागू पडणारा एक आंकडा नाहीं. दाट लवेचा हस्की ज्या हवेंत आनंदानें लोळतो, त्या हवेंत आखूड केसांचा लहान कुत्रा, पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा पांच मिनिटांत काकडतो. वारा आणि ओल असेल तर थंडी दुप्पट लागते. थंडीच्या लाटेंत एका लांब फेरफटक्याऐवजीं दोन-तीन आखूड फेऱ्या बऱ्या.

त्यांनीं आणखी एक इशारा दिला. २००८–०९ च्या हिंवाळ्यांत टोरांटोंत रस्त्याखालच्या सदोष विजेच्या जोडण्यांतून प्रवाह जमिनीवर उतरला आणि त्याच्या धक्क्यानें कुत्रे दगावल्याच्या घटना घडल्या. खारट ओल विजेला उत्तम वाट करून देते. त्या वेळीं शहरभर तातडीची तपासणी करावी लागली. म्हणून दिव्याच्या खांबापाशीं किंवा जमिनींतील लोखंडी झांकणापाशीं कुत्रा अचानक केकाटला, तर त्याला हट्टी म्हणूं नये. त्याला घेऊन तेथून दूर व्हावें आणि अधिकाऱ्यांना कळवावें.

सर्वांचें एकमत झालें तें घरीं परतल्यानंतरच्या गोष्टीवर. दाराशीं एक पसरट भांडें आणि जुना टॉवेल ठेवावा. पाणी कोमट असावें, कढत नसावें. एकेक पाय त्यांत बुडवून हलवावा, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवावें, पोटावर उडालेला खारट चिखलही पुसावा. मग टॉवेलनें टिपून कोरडें करावें, कारण ओल राहिली तर कातडी चिघळते. पुसतांना प्रत्येक गादी पाहावी: भेग आहे काय, रक्त आहे काय, लाली किंवा सूज आहे काय. आणि कुत्र्यासमोर स्वच्छ पाण्याचें भांडें ठेवावें.

आजोबा हें ऐकून घरीं आले आणि सुनेला म्हणाले, "सूनबाई, एवढा मोठा वैज्ञानिक सल्ला ऐकून आलों, आणि शेवटीं निघालें काय? बाहेरून आलें कीं पाय धुऊन घरांत यावें!" सून हंसून म्हणाली, "बाबा, मग आजपासून तें काम तुमच्याकडे. आपल्या घरची रीत मोतीला तुम्हीच शिकवा."

खरोखर ही आपल्या घरची जुनी रीत. वाड्याच्या मागील दारीं पाण्यानें भरलेलें घंगाळ आणि तांब्या असे. पाहुणा आला तरी प्रथम त्याला पाय धुण्यास पाणी देत. धुळीच्या मुलखांत जी सोय माणसासाठीं निघाली, तीच मिठाच्या मुलखांत कुत्र्याच्या कामीं आली. उंबऱ्याच्या आंत ज्या प्राण्याला मज्जाव होता, त्याच्यापुढें आतां आजोबा पाट घेऊन बसूं लागले.

पहिल्या दिवशीं मोतीनें पाय आंखडून घेतला. हाच हात दोरीला हिसका देणारा, हें तो विसरला नव्हता. आजोबांनीं ओढाताण केली नाहीं. पाण्यांत स्वतःचा हात बुडवून ठेवला आणि वाट पाहिली. त्या दिवशीं एकच पाय धुऊन झाला. चौथ्या दिवशीं चारही झाले. पंधरवड्यानंतर सकाळचा फेरफटका संपतांच मोती आपण होऊन त्या भांड्यापाशीं जाऊन उभा राहूं लागला आणि पुढचा उजवा पाय उचलून देऊं लागला. तोच पाय, जो कोपऱ्यावर दुखला होता. दोरी काढली कीं दाराशीं नाचणेंही पुन्हां सुरू झालें. गेलेला विश्वास परत आला तो धाकानें नव्हे, खाऊनेंही नव्हे. रोज त्याच वेळीं, त्याच हातानें, न चुकतां केलेल्या एका लहान कामानें आला.

सल्ले देणाऱ्यांत चुकीचे सल्लेही असतात, हें सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाहीं. गारठलेला पाय बर्फानें चोळावा, ही समजूत जुनी आहे आणि ती घातक आहे. थंडीनें पेशी गोठल्या कीं कानांची टोकें, शेपटीचें टोक आणि पाय हे प्रथम सांपडतात. ती जागा फिकट किंवा निळसर, थंड आणि ताठर होते. अशा जागेला चोळल्यानें आधींच दुखावलेल्या पेशी फाटतात. तिला कढत पाणी, शेगडी किंवा केस वाळविण्याचें यंत्र लावणेंही तितकेंच वाईट, कारण बधिर कातडीला भाजल्याचें कळत नाहीं. कुत्र्याला ऊबदार खोलींत आणावें, कोरड्या कांबळ्यांत गुंडाळावें, तो भाग कोमट पाण्यानें सावकाश ऊबवावा आणि पशुवैद्याकडे न्यावें. वाटेंत पुन्हां थंडी लागण्याचा संभव असेल तर ऊबवण्याची घाई करूं नये, कारण एकदां सुटलेला भाग पुन्हां गोठला तर नुकसान अधिक होतें. माणसाचीं मलमें पायाला लावूं नयेत; कांहींत जस्ताचें भस्म किंवा वेदनाशामक द्रव्यें असतात आणि कुत्रा जें जें पायाला लावावें तें तें चाटतो. मोटारीच्या यंत्रांतील पाणी गोठूं नये म्हणून घालतात तें एथिलीन ग्लायकोल तर भयंकर विष आहे. तें चवीला गोड असतें आणि थोडेंसें पोटांत गेलें तरी मूत्रपिंडें निकामी होतात. मोटारी उभ्या करण्याच्या जागेंतून आलेला कुत्रा झिंगल्यासारखा चालूं लागला, तर उद्यांची वाट पाहूं नये. त्याच घटकेला वैद्य गांठावा.

कुत्र्याच्या पायांची काळजी म्हणजे श्रीमंत शहरांतील लाडाकोडाचा प्रकार, असें कोणास वाटेल. ज्यांचें जीवनच कुत्र्यांच्या पायांवर चाललें, त्या उत्तरेकडील लोकांचें मत वेगळें आहे. वसंताच्या सुमारास समुद्रावरच्या बर्फाला सुईसारखीं टोकें येतात, तेव्हां इन्युइट लोक आपल्या गाडीच्या कुत्र्यांना सीलच्या कातड्याचे लहान बूट घालीत. १९२५ च्या जानेवारींत अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम गांवीं घटसर्पाची साथ आली. औषध आगगाडीनें नेनाना गांवापर्यंत आलें. पुढें ६७४ मैल केवळ हिम. वीस गाडीवानांनीं सुमारे दीडशें कुत्र्यांच्या साह्यानें, एकानें दुसऱ्याच्या हातीं देत, तें औषध साडेपांच दिवसांत, २ फेब्रुवारीस, नोमला पोंचविलें. सर्वांत लांब व कठीण टप्पा टोगो या कुत्र्यानें ओढून नेला, शेवटचा बाल्टोनें. आणि बाल्टोचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें उभा राहिला. त्या मार्गाच्या स्मरणाशीं निगडित असलेली इडिटारॉड ही नोमपर्यंतची सुमारें हजार मैलांची शर्यत १९७३ पासून भरते. तींत प्रत्येक कुत्र्यामागें आठ कापडी बूट जवळ बाळगणें गाडीवानावर बंधनकारक आहे. मुक्काम आला कीं जाणता गाडीवान स्वतः शेकण्यापूर्वीं गुडघे टेकून एकेका कुत्र्याचा एकेक पाय तपासतो. ज्या पायांवर उद्यांचा पल्ला अवलंबून आहे, ते पाय पाहणें हा तेथें लाड नव्हे, व्यवहार आहे.

महाराष्ट्रांत हिम नाहीं, म्हणून येथील कुत्र्यांच्या पायांना भय नाहीं असेंही नव्हे. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां डांबरी रस्ता हवेहून कितीतरी अधिक तापलेला असतो, आणि पायांत वाहणा घातलेल्या माणसाला तें कळत नाहीं. तेथेंही तीच परीक्षा: हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकून पाहावी, ती सात-आठ सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्या वेळीं नेऊं नये, पहांटे किंवा दिवेलागणीनंतर न्यावें. पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांत ओल राहून कातडी कुजते. तेथेंही तेंच औषध: घरीं आल्यावर पाय धुणें, पुसणें आणि पाहणें. ऋतु बदलला, देश बदलला, तरी पाय तेच आणि काळजी तीच.

मार्च सरला, टोरांटोचा बर्फ काळवंडून वितळूं लागला आणि आजोबांची परतण्याची वेळ झाली. जाण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं नातीला दाराशीं बसविलें आणि मोतीचा पंजा तिच्या हातांत दिला. बेचकीं कशीं उघडावींत, पाण्यांत आधीं आपला हात कसा घालून पाहावा, हें तिला दाखविलें. "आणि तो थांबला तर?" तिनें विचारलें. आजोबा म्हणाले, "तो थांबला तर आपणही थांबावें, बाळ. आधीं पाय पाहावा, मग दोरी."

युधिष्ठिरानें कुत्र्याला सोडलें नाहीं, एवढेंच आजवर त्या कथेंतून घेतलें जातें. परंतु त्या लांब वाटेंत तो कितीदां थांबला असेल, मागें वळून त्यानें कितीदां पाहिलें असेल, हेंही त्या न सोडण्यांतच आलें. सोबत्याला न सोडणें म्हणजे नुसतें दोरी धरून चालणें नव्हे. तो कोठें लंगडतो आहे, हें पाहणें हाही त्याचाच भाग आहे. आणि ज्या घरीं कुत्रा आहे, त्या घरीं त्यासाठीं दाराशीं थोडें कोमट पाणी आणि एक जुना टॉवेल एवढी सामग्री पुरेशी आहे.